कालचाच अभंग

गेल्या श्रावणातली गोष्ट. दोन दिवस पाऊस ओतत होता आणि तेरेखोल नदीचे पाणी गढूळ होऊन काठाला लागले होते. अशा दिवशी एक तरुण कीर्तनकार मोटारसायकलवरून भिजत येऊन माझ्या ओटीवर उभे राहिले. वयाने माझ्या नातवाएवढे. पण गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळी बुक्का होता, म्हणून आधी मीच वाकलो. वारकऱ्याने वारकऱ्याच्या पाया पडताना वय मोजायचे नसते. त्यांनी पंचाने डोके पुसले, चहा घेतला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. त्यावर त्यांचेच कीर्तन चालू होते.

“बुवा, महिन्याला वीस-बावीस सेवा होतात,” ते म्हणाले. “प्रत्येक गावात कोणीतरी मोबाईल उभा करतो आणि रात्रीच यूट्यूबवर चढवतो. पुढच्या गावी मी पोचायच्या आधी माझे कीर्तन पोचलेले असते. परवा सासू-सुनेचा दृष्टांत सुरू केला, तर त्याचे शेवटचे वाक्य माझ्या आधी पुढे बसलेल्या पोरांनी म्हटले. सगळा मंडप हसला. माझे पाय मात्र थरथरले. आता सांगा, रोज नवे आणायचे म्हणजे किती आणायचे? आणि तेच तेच सांगायचे, तर लोकांनी का यावे?”

मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. गुडघे गेल्यामुळे मी कीर्तनाला उभा राहायचे सोडून आता सहा वर्षे झाली. त्याआधी चाळीसेक वर्षे हेच केले. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला, पत्रादेवीचा नाका ओलांडून पेडणे, डिचोली, सत्तरी. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मला कोणी यूट्यूबवरून विचारला नव्हता. मला तो एका म्हातारीने विचारला होता, आणि तोही प्रश्न म्हणून नव्हे. तो प्रसंग आजवर मी फार जणांना सांगितलेला नाही. या अंकाच्या निमित्ताने सांगतो.

आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत मी चार वर्षे होतो. विष्णुबुवा जोगमहाराजांनी १९१७ साली लावलेले ते झाड. तिथून बाहेर पडणाऱ्याच्या गाठीला काय असते, हे वाचकांना माहीत आहे: ज्ञानेश्वरी, गाथा, नाथभागवत, आणि मागे लागलेली पाठांतराची सवय. मी गावी परतलो तेव्हा आमच्याकडे वारकरी पद्धतीचे कीर्तन लोकांना नवे नव्हते, पण रोजचेही नव्हते. कोकणातले भजन पेटीवर चालते. एक बुवा पेटीवर, मागे कोरस, समोर मृदंग आणि चकी. डबलबारी म्हटली की रात्रभर माणूस हलत नाही. वीणा गळ्यात घेतलेला बुवा, मागे अर्धगोल उभे टाळकरी, आणि दोन तास एकाच अभंगाचे निरूपण, ही शिस्त देशावरची. ती इथे रुजवायची, तर गावच्या भजनी मंडळातल्याच मुलांना दुपारी बोलावून ध्रुपदाची चाल सांगावी लागे. माझ्यासोबत गावोगाव हिंडणारे दोघेच: पखवाजाला माझे मेहुणे आणि चाल उचलायला एक गायक. बाकी टाळकरी त्या-त्या गावचे.

यामुळे झाले असे की, ज्यांची चाल चटकन बसते असेच अभंग मी घेऊ लागलो. गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग, ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या, आणि मी फिरत होतो अकरा अभंगांवर. अकराचे पुढे सात झाले. मग एक श्रावण असा आला की, त्या सातांतलाही एकच उरला.

तो १९८२चा श्रावण. सात वाड्यांत सात रात्री कीर्तने लागली होती. गावे जवळजवळची, मधे शेते, साकव आणि चिखल. पहिल्या रात्री तुकोबारायांचा करुणेचा एक अभंग घेतला. पंढरीरायाला आईच्या नात्याने हाक मारणारे अभंग गाथेत बरेच आहेत, त्यांतला एक. तिसऱ्या चरणावर एक दृष्टांत होता, हरवलेल्या लेकराचा. तो सांगताना माझा गळा दाटला आणि डोळ्यांतून पाणी आले. समोर बसलेल्या बायका रडल्या. आरतीनंतर लोक पायांवर पडले. मेहुणे म्हणाले, आज रंगले. दुसऱ्या गावात कोण ओळखीचे आहे, म्हणून तोच अभंग घेतला. तिथेही रंगले. तिसऱ्या रात्री तोच, चौथ्या रात्री तोच.

पाचव्या रात्री आरती झाल्यावर मी खांबाला टेकून कढत पेज पीत होतो. सत्तरीची एक आजी पुढे आली. नऊवारीचा ओचा भिजलेला, हातात विझवलेला कंदील. ती पहिल्या रात्रीपासून प्रत्येक गावी चालत येत होती, हे मला माहीत नव्हते. बुवा ज्या उजेडात उभा असतो, त्यातून समोरचा अंधार दिसत नाही. तिने पायाला हात लावला आणि अगदी साधेपणाने म्हणाली, “बुवानू, कालपण तुमी हयसरच रडल्यात.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माझी खात्री आहे, ती कौतुकानेच बोलत होती: काय हे बुवा, रोज देवासाठी इतके रडतात! पण माझ्या हातातली वाटी थांबली. कारण त्या रात्री तिसऱ्या चरणावर माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत असताना माझ्या मनात काय चालले होते, ते मला ठाऊक होते. मी वस्तीच्या एसटीचा विचार करत होतो. ड्रायव्हर मंडपात बसला आहे की गाडीत झोपला आहे, सकाळची सहाची फेरी आम्हाला मिळेल का, हे मी मोजत होतो. तोंड दृष्टांत सांगत होते, गळा आपल्या जागी दाटला होता, डोळे आपल्या जागी भरले होते. पाठांतर इतके पक्के झाले होते की, रडणेसुद्धा पाठ झाले होते.

तुकोबारायांनी कीर्तनकाराला जे दंडक घालून दिले आहेत, ते आपण सगळे जाणतो. कीर्तनाच्या गावी अन्नसुद्धा घेऊ नये, इथपर्यंत त्यांनी बजावले आहे. मी पेज पीत होतो, तो दोष वेगळा. पण दक्षिणा न घेतली, हार न घेतला आणि आसवे मात्र खोटी दिली, तर त्याला काय म्हणायचे? सहाव्या रात्री मी अभंग बदलला. टाळकऱ्यांची तयारी नव्हती, कीर्तन पडले. सातव्या दिवशी काला होता, आणि काल्याला काल्याचाच अभंग असतो, त्यामुळे निभावून गेले.

घरी आल्यावर एक दोनशेपानी वही घातली. गाव, तिथी, अभंग, दृष्टांत, प्रमाणे, असे रकाने पाडले. आणि मनाशी ठरवले की, एका दौऱ्यात कोणताही अभंग दुसऱ्यांदा घ्यायचा नाही, दृष्टांतही नाही. पुढची दोन-अडीच वर्षे मी हा नेम पाळला.

त्याचे फळ काय मिळाले, तेही सांगितले पाहिजे. लोक म्हणतात, नवे म्हणजे जिवंत. माझा अनुभव तसा नाही. रात्री कीर्तन उरकून बारा वाजता कंदिलाखाली दुसऱ्या दिवसाची प्रमाणे जुळवत बसायचे, दिवसा एसटीत घोकत जायचे, आणि रात्री उभे राहिले की डोळ्यांपुढे समाज नाही, वहीचे पान. आदल्या श्रावणात मनात एसटी होती, आता मनात वही होती. देवाला जागा तेव्हाही नव्हती, आताही नाही. खाडीकाठच्या एका गावात तिसरा चरण मला आठवेना. मी वीणा छेडत नुसताच उभा. मागच्या एका टाळकऱ्याने दया येऊन चरण उचलला, तो दुसऱ्याच अभंगाचा, चाल तीच होती म्हणून. सगळा मंडप तो चरण म्हणू लागला. कोणाच्या लक्षात आले नाही. मेहुण्यांच्या आले. त्यांनी पखवाजावरून डोके वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातले. परतीच्या वाटेवर ते एवढेच म्हणाले, “भावोजी, माझ्या हातांना तुमचा अभंग कळायच्या आधीच तो संपतो.”

हे मी आजच्या तरुण मंडळींना मुद्दाम सांगतो. अभंग बदलायचा म्हणजे एकट्या बुवाने बदलायचा नसतो. पखवाजवाल्याला चालीत श्वास कुठे आहे ते कळायला चार-सहा वेळा ती वाजवावी लागते. टाळकऱ्यांचे पाऊल तिच्यावर बसावे लागते. रोज नवे करणाऱ्याच्या मागे उभी असलेली माणसे रोज पहिल्या दिवसाची असतात.

त्या काळात मी शेजारच्या एका जुन्या दशावतारी नटाकडे गेलो होतो. आता ते नाहीत. आमच्या भागात गावोगाव हिंडणारा खरा ताफा म्हणजे दशावतार. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की रोज एक गाव, रोज रात्रभर नाटक, पहाटे दहीकाला, आणि पेटारे उचलून पुढे. लिहिलेली संहिता नाही, संवाद जागेवर सुचतात. आधी आडदशावतार: गणपती, ऋद्धीसिद्धी, सरस्वती, मग संकासुराची धांदल. तो ठरलेला असतो. त्यानंतर आख्यान लागते, ते निवडायचे असते. मी त्यांना विचारले, तुम्ही काय बदलता आणि काय ठेवता? पानाची पिचकारी टाकून म्हणाले, “संकासूर नाय दाखवलो तर लोक धोंडे मारतीत. आणि फुडच्या वर्सा ताच आख्यान लावला, तरीय धोंडे मारतीत.”

मी हसलो, पण घरी येऊन विचार केला. ते म्हणत होते ते आपल्या कीर्तनालाही तंतोतंत लागू आहे. आपल्याकडेही सुरुवातीचा गजर आणि रूपाचा अभंग ठरलेला. विठोबा-रखुमाईचा गजर ठरलेला. काल्याला काला ठरलेला. हरिपाठाचे सत्तावीस अभंग आज कंटाळा आला म्हणून कोणी बदलत नाही. कोजागिरीनंतर महिनाभर पहाटे काकडा चालतो, तेच अभंग, त्याच क्रमाने. महिन्याच्या शेवटी ते कोणाला शिळे वाटल्याचे मी ऐकलेले नाही. वाटेवर दिंडीत सोमवारचे अभंग सोमवारी, मंगळवारचे मंगळवारी. हैबतबाबांनी १८३२ साली माऊलींच्या पालखीचा सोहळा बांधून दिला, तेव्हापासून किती पिढ्या त्याच क्रमाने त्या वाटेवरून गात गेल्या! आमच्याकडे आषाढात भाताची लावणी असते, म्हणून इथला शेतकरी बहुधा कार्तिकीला नाहीतर माघीला जातो. त्यांच्याही तोंडी मालिका तीच.

मग मला कळत गेले की, त्या गाण्यात म्हणणारा आणि ऐकणारा वेगळा नसतो. आपल्याच तोंडाने म्हटलेले रोज तेच असले तरी चालते, जसे रोजचे जेवण चालते. कीर्तनात मात्र एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. तिथे प्रश्न सुरू होतो. आणि फिरत्या बुवाचा प्रश्न आणखी वेगळा. गाव बदलले की श्रोता बदलतो, पण एक श्रोता प्रत्येक गावी तोच असतो. तो म्हणजे बुवा स्वतः. मी पाचव्या रात्री कंटाळलो, ते लोकांनी पाच वेळा ऐकले म्हणून नव्हे. त्यांनी एकदाच ऐकले होते, आजीचा अपवाद सोडून. पाच वेळा ऐकले होते मी.

आळंदीला आमच्या गुरुवर्यांना मी एका अभंगावर सात रात्री निरूपण करताना ऐकले होते. रोज एकच चरण. ते स्मरून पुढे एका दौऱ्यात मी तसे करून पाहिले. सात गावे, एक अभंग, रोज पुढचा चरण. माझे मन ताजे राहिले, पखवाजही बसला, मला वाटले सापडले. पण चौथ्या गावच्या पाटलांनी विचारले, “बुवा, अभंग अर्धाच सांगितलात?” बरोबर होते त्यांचे. आळंदीत श्रोता सातही रात्री तोच होता. मी मात्र एका गावाला हत्तीचा पाय दाखवला, एका गावाला सोंड, आणि शेवटच्या गावाच्या वाट्याला शेपूट आले. फिरत्या बुवाने प्रत्येक गावाला पुरा हत्ती दाखवला पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले, ती सांगतो.

माझा रोज नवा अभंग घेण्याचा नेम चालू असतानाचीच गोष्ट. साखळीजवळ वाळवंटी नदीच्या काठी विठ्ठलापूर आहे. गोव्यातली विठ्ठलभक्त मंडळी तिथे चैत्रातल्या उत्सवाला जमतात. तिथे माझी सेवा झाली. त्या दिवशी योगायोगाने तोच करुणेचा अभंग निघाला, हरवलेल्या लेकराचा. बऱ्याच काळाने घेतला होता, म्हणून मनापासून झाला. सत्तरी भागातला एक शेतकरी तिथे होता. पुढे आठ-दहा दिवसांनी त्याच्या गावापासून दोन गावे पलीकडे माझे कीर्तन होते. हा गृहस्थ आपल्या आईला घेऊन आला. तिला चालवत नव्हते. दोघे मुलगे खुर्चीला बांबू बांधून तिला खांद्यावरून घेऊन आले होते. खुर्ची पुढच्या रांगेत ठेवली. मला वाटले, म्हातारीला कीर्तनाची आवड आहे.

मी त्या दिवशी नामदेवरायांचा अभंग घेतला. वहीत त्या गावासमोर तोच लिहिला होता. कीर्तन वाईट झाले नाही. म्हातारी हात जोडून शेवटपर्यंत बसली. आरतीनंतर मुलगा माझ्याजवळ आला आणि संकोचाने म्हणाला, विठ्ठलापूरचा अभंग आज घेतला नाहीत? आईला तो सांगितला होता. ती म्हणाली, मला एकदा ऐकव. मी त्याला म्हणालो, अहो, एकदा झालेला अभंग मी त्याच दौऱ्यात पुन्हा घेत नाही. पुढच्या खेपेला नक्की. हे मी थोड्या अभिमानानेच म्हणालो, हे मला लपवायचे नाही. नेम पाळणाऱ्याला नेमाची एक धुंदी असते.

पुढची खेप झाली नाही. पावसाळा गेला आणि कार्तिकात तो गृहस्थ बांद्याला माझ्या घरी आला. डोके भादरलेले पाहून मला कळले. त्याने तक्रार केली नाही. तेराव्याला कीर्तन करायला या, एवढेच म्हणाला. मग क्षणभर थांबून म्हणाला, “तोच अभंग.”

मी गेलो. सारवलेल्या अंगणात माटव घातला होता. तिची खुर्ची ओटीवर ठेवली होती आणि तिच्यावर पांढरे पातळ घडी करून ठेवले होते. मी अभंग सुरू केला. तिसऱ्या चरणावर दृष्टांत आला. मला आसवे आली नाहीत. आवाजच गेला. घशातून शब्द फुटेना. मेहुण्यांनी पखवाज सावकाश चालू ठेवला, गायकाने ध्रुपद उचलले, टाळकरी म्हणत राहिले आणि मी वीणा धरून नुसता उभा राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. त्या रात्री दृष्टांत पुरा सांगितलाच नाही. कोणी विचारलेही नाही.

वही तेव्हापासून बंद केली असे नाही. पण तिच्यात एक रकाना वाढवला: ‘मागणी’. गावात पोचलो की कीर्तनाच्या आधी पुजाऱ्याला किंवा जाणत्या माणसाला विचारायचे, यंदा गावात काय झाले? कोण गेले? शेत बुडाले का? भाऊ-भाऊ भांडून बोलेनासे झाले आहेत का? कोणाला काही ऐकायचे आहे का? मग टाळकऱ्यांना विचारायचे, तुमच्या तोंडी काय बसले आहे? या दोन उत्तरांत अभंग सापडतो. तो कालचाच निघाला तर कालचाच. कालच्या गावी पोर आजारी होते म्हणून एका अंगाने सांगितला असेल, आजच्या गावी म्हातारे एकटे पडले आहेत म्हणून दुसऱ्या अंगाने सांगता येतो. शब्द पुष्कळसे तेच असतात. पण एसटीचा विचार करायला सवड राहत नाही, कारण समोर कोण बसले आहे, ते माहीत झालेले असते.

दृष्टांतांचे मात्र मी कडक ठेवले. हसवणारा दृष्टांत एका तालुक्यात वर्षातून एकदाच. विनोद एकदा ऐकला की त्यातला जीव जातो, करुणेचे तसे नाही. असे का, याचे शास्त्र मला माहीत नाही. अनुभव आहे.

आणि आमच्या बांद्यात तर एक कथा अशी आहे की ती बदलली तर माझी धडगत नाही. सोहिरोबानाथ आंबिये आमच्या गावचे, जन्म १७१४चा, घराणे कुलकर्ण्यांचे. सावंतवाडीच्या दरबारातून बोलावणे आले म्हणून ते निघाले आणि वाटेत इन्सुलीला फणस खायला बसले. तिथे एक नाथयोगी प्रकट झाला, त्याने वाटा मागितला आणि त्या भेटीत सगळे आयुष्य पालटले. ते गहिनीनाथच होते, असे परंपरा सांगते. आता आपल्या निवृत्तिनाथांवर अनुग्रह केला तेही गहिनीनाथच. तेव्हा नाथपंथ आणि वारकरी यांची गाठ बांद्याच्या माणसाला पोथीत शोधावी लागत नाही, ती तीन-चार मैलांवरच्या इन्सुलीच्या ओहळाकाठी सापडते. ही कथा मी गावात किती वेळा सांगितली असेल! एका वर्षी, नेमाच्या धुंदीत असताना, गाळली. कीर्तन संपले, आरती झाली, लोक उठेनात. शेवटी एक पोरगा मागून ओरडला, “बुवानू, फणस ऱ्हवलो!” मग पुन्हा वीणा गळ्यात घालून फणस सांगावा लागला.

माझा नातू पुण्याला असतो. इंग्रजी गाण्यांचा शौकीन. त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, आजोबा, तिकडेही हाच वाद आहे. काही ताफे वर्षभर तीच गाणी त्याच क्रमाने गातात, कारण दिवे, पडदे, सगळे त्या क्रमाला बांधलेले असते. आणि अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाचा एक ताफा होता, त्यांचे श्रोते गावोगाव त्यांच्यामागे फिरायचे, गाणी ध्वनिमुद्रित करून एकमेकांना द्यायचे, आणि ते ताफेवाले रोज क्रम बदलायचे. नावाचा अर्थ विचारला, तर ‘कृतज्ञ मृत’ म्हणे. मी म्हटले, नाव काहीही असो, आमच्या आजीसारखी माणसे त्यांनाही भेटलेली दिसतात.

त्या श्रावणातल्या संध्याकाळी मी तरुण बुवांना यातले थोडेच सांगितले. वही काढून दाखवली. त्यांनी पाने उलटली. ‘मागणी’च्या रकान्यावर बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “पण बुवा, मला गावात पोचायलाच सात वाजतात. आठला कीर्तन. साडेदहाला निघून दुसऱ्या दिवशीचे गाव गाठायचे. विचारू कधी?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. माझ्या वेळी वस्तीची गाडी होती, म्हणून वस्ती करावी लागे. दुपारी पोचायचे, रात्री राहायचे, सकाळी निघायचे. विचारायला वेळ होता, कारण दुसरी गाडीच नव्हती. त्यांना स्वतःची मोटारसायकल आहे, त्यामुळे त्यांना वेळ नाही. मी म्हणालो, महिन्याला बावीस घेता, त्या बारा घ्या. ते हसले. घरी दोन बहिणींची लग्ने व्हायची आहेत, हे त्यांनी आधीच सांगितले होते. मी तो विषय वाढवला नाही. बारा घ्या असे सांगणे मला सोपे होते. माझ्या घरी माडाचे आणि काजूचे उत्पन्न होते.

जाताना त्यांनी वहीच्या काही पानांचे फोटो घेतले. सासू-सुनेचा दृष्टांत सोडतो म्हणाले. सोडला की नाही, मी मोबाईलवर पाहिलेले नाही.

यंदा गावच्या मंडळींनी सोहिरोबांच्या कार्यक्रमात मला बसूनच चार शब्द बोलायला सांगितले आहे. उभे राहणे जमणार नाही, पण वीणा मांडीवर धरता येते. काय बोलावे, याचा विचार करत ओटीवर बसलो होतो. आतून कुटुंबाचा आवाज आला, “बाकी काय्यय सांगा, फणस विसरू नकात.”